नजरेनं बांधलेली मांडवी

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट एक हलकं बटण दाबू शकतं. हातांत उरलेली ताकद एवढीच. मला लहानपणापासून स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी आहे, ज्याला सगळे एसएमए म्हणतात. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंपर्यंत हालचालीचा निरोप पोचवतात, त्या या आजारात हळूहळू निकामी होतात आणि निरोप न मिळालेले स्नायू सुकत जातात. माझं आधी चालणं गेलं, मग हात वर उचलणं, मग माऊस सरकवणं. डोळे फिरवणाऱ्या नसा मात्र मेंदूच्या खोडातून निघतात आणि या आजारात त्या सहसा शाबूत राहतात. डॉक्टरांनी हे फार पूर्वी सांगितलं होतं. त्याचा आपल्याला कधी खेळायला उपयोग होईल, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. जुन्या घराचा तळमजला, एक मोठी खोली, तिच्यात पलंग, व्हीलचेअर आणि कामाचं टेबल. घरबसल्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब बघते. काम बोलून होतं: मी आकडे सांगते, कॉम्प्युटर टिपून घेतो, उरलंसुरलं आई किंवा वहिनी करून देते. माझ्या कामाचं कसं होणार याची काळजी सगळ्यांनी केली. फिजिओथेरपिस्टनी, नातेवाइकांनी, शेजारच्या बेननीसुद्धा काही ना काही सुचवलं. पण दादाबरोबर एकाच कीबोर्डवर, अर्ध्या बटणांवर तो आणि अर्ध्यांवर मी, अशा गाड्यांच्या शर्यती खेळत मी मोठी झाले होते. तो कीबोर्ड सुटला तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही. खेळच तो, सुटला तर सुटला, असं घरात सगळ्यांनी धरलं आणि हळूहळू मीही धरलं.

भाचा माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधायचा व्हिडिओ गेम खेळायला लागला आणि माझी जुनी ओढ परत जागी झाली. शाळेतून आला की लॅपटॉप माझ्या खोलीत आणायचा, मला शेजारी घ्यायचा आणि आपण खणलेल्या खाणी, बांधलेली घरं दाखवायचा. "आत्या, तू पण आत ये ना," असं तो रोज म्हणायचा. रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बेन आमच्याकडे येतात, त्यांनी एकदा ते ऐकलं आणि विचारलं, "डोळ्यांनी चालणारा माऊस असतो. करून बघायचं का?"

हे यंत्र चालतं कसं ते आधी सांगते, कारण पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात. पडद्याच्या खालच्या कडेला एक बारीक पट्टी बसवतात. ती डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश टाकते. तो आपल्याला दिसत नाही, पट्टीतल्या कॅमेऱ्याला दिसतो. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, त्या प्रकाशाचा एक बारीक ठिपका चमकतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, ठिपका मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतो. बाहुलीचा मध्य आणि तो ठिपका यांच्यातल्या अंतरावरून आपण पडद्यावर कुठे बघतोय याचा हिशेब लागतो, आणि तो सेकंदाला कितीतरी वेळा केला जातो. डोळ्याला काही लावायचं नसतं, डोक्यावर काही घालायचं नसतं.

पैसे घालण्याआधी घरात जे आहे त्यावर करून बघू, असं बेननी सुचवलं. वहिनीकडे आयफोन होता. ॲपलनं २०२४ मध्ये आयओएस १८ आणलं, त्यात नजरेनं फोन चालवायची सोय आहे. ती आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनवर चालते आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावरच भागवते. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ती सुरू केली, फोन स्टँडवर चेहऱ्यापासून दीड फुटावर ठेवला, पडद्यावर एकेक ठिपका आला तसा त्याच्याकडे बघत गेले. मग एका चिन्हावर नजर रोखून धरली आणि ते उघडलं. मी कोणाला हाक न मारता फोनमधलं काहीतरी उघडलं, हे कितीतरी वर्षांनी होत होतं. आई दारात उभी होती, ती आत येऊन पलंगावर बसली.

फोनवर खेळणं काही जमलं नाही. पडदा लहान, त्यामुळे चिन्हं एकमेकांना खेटून, आणि नजर शेजारच्या चिन्हावर घसरायची. पण माझे डोळे यंत्राला नीट दिसतात, माझा चष्मा आड येत नाही आणि रोखून बघणं मला जमतं, या तीन गोष्टी एक पैसा न घालवता कळल्या. ज्याला सुरुवात करायची आहे त्यानं हेच आधी करावं असं मला मनापासून वाटतं. आयफोन नसेल तर साध्या वेबकॅमवर नजर ओळखणारी सॉफ्टवेअरंही आहेत. त्यांची अचूकता कमी, पण अंदाज यायला पुरते.

मग पट्टी घ्यायचं ठरलं. टोबी ही स्वीडनची कंपनी २००१ पासून याच कामात आहे. आजारी आणि अपंग माणसांसाठी बनवलेली अशी यंत्रं फार महाग. गेम खेळणाऱ्यांसाठी मात्र टोबीनं २०२० मध्ये आय ट्रॅकर ५ नावाची पट्टी आणली, ती त्यांच्या मानानं खूपच स्वस्त, तरी दोनशे डॉलरच्या पुढेच. बडोद्यात निम्म्या घरांतलं कोणीतरी अमेरिकेत असतं, आमचा मामेभाऊ आहे. तो येताना घेऊन आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण खोक्यावरची जाहिरात वाचून गैरसमज होतो. ही पट्टी ज्या खेळांमध्ये "चालते" म्हणून सांगतात, त्यांतल्या बहुतेकांत नजर हे वरचं तोंडीलावणं असतं. तुम्ही डावीकडे बघितलं की दृश्य डावीकडे सरकतं, शत्रूकडे बघितलं की नेम लागतो. पळायला, उडी मारायला, गोळी झाडायला दोन धडधाकट हात लागतातच. हातांऐवजी डोळे वापरायचे असतील तर पट्टीच्या जोडीला वेगळं सॉफ्टवेअर हवं. आम्ही ऑप्टिकी वापरतो. ज्युलियस स्वीटलँड या प्रोग्रॅमरनं ते लिहिलं आणि सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. नजरेचा माऊस करणारी त्याची एक वेगळी आवृत्तीच आहे. विंडोज १० मध्येही २०१७ पासून नजरेनं चालवायची सोय आली. तिच्या मुळाशी स्टीव्ह ग्लीसन हा अमेरिकन फुटबॉलपटू आहे. त्याला एएलएस हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार झाला आणि त्यानं मायक्रोसॉफ्टच्या लोकांपुढे आपल्या गरजा मांडल्या. ज्याला गरज आहे तो बोलला म्हणून ही सोय झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पट्टी आली, दादानं रविवारी बसवली आणि संध्याकाळपर्यंत ती मला ओळखेना. सकाळी ठीक चालायची आणि दुपारी चार वाजले की नजरेचा ठिपका पडद्यावर सैरावैरा धावायचा. दादानं केबल बदलली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. कारण होतं पश्चिमेची खिडकी. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो. दुपारचं ऊन तिरपं होऊन माझ्या गालावर आलं की पट्टीचा तो बारीक ठिपका त्यात बुडून जायचा. वहिनीनं जाड पडदा शिवला आणि टेबल असं फिरवलं की खिडकी ना माझ्या समोर येते ना पाठीशी. ट्यूबलाइटचा काही त्रास होत नाही.

बसण्याचं काम त्याहून मोठं निघालं. माझी व्हीलचेअर मागे कललेली असते, कारण मान फार वेळ सरळ धरवत नाही. कललेल्या माणसासमोर पडदा टेबलावर सरळ उभा ठेवला तर तो खाली बघतो, आणि खाली बघताना वरची पापणी बाहुलीवर उतरते. अर्धी बाहुली झाकली की यंत्राला तिचा मध्य सापडत नाही. थेरपिस्ट बेन म्हणाल्या, "तुम्हाला पडद्यासाठी बसवायचं नाही, पडदा तुमच्यासाठी बसवायचा." भिंतीला मॉनिटरचा हलता हात लावला, पडदा उचलून माझ्या चेहऱ्याला समांतर कलवला आणि डोळ्यांपासून साधारण ६० सेंटीमीटरवर आणला. पट्टीला ४५ ते ९५ सेंटीमीटरमधलं अंतर चालतं, पण मधलं सगळ्यात बरं. डोक्याला दोन्ही बाजूंनी मऊ आधार दिला. एवढं झाल्यावर त्याच पट्टीनं, त्याच सॉफ्टवेअरनं एकदम नीट काम सुरू केलं. कोणी मला विचारलं की यात सगळ्यात जास्त वेळ कशावर द्यायचा, तर मी खुर्ची, उशी आणि खिडकी हेच सांगेन. सॉफ्टवेअरवाला मुलगा मिळतो. बसणं समजणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट.

कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला आपल्या डोळ्यांची ओळख करून देणं. पडद्यावर ठिपके येतात, त्यांच्याकडे बघायचं. यातली खुबी अशी की पुढचा ठिपका कुठे येणार याचा अंदाज बांधून आधीच तिकडे नजर टाकायची नाही. समोरचा ठिपका जाईपर्यंत त्याच्यावरच राहायचं. पापणी लवली तर लवू द्यायची. डोळे ताणून बसलं की ते कोरडे पडतात आणि पुढचं सगळं बिघडतं. चष्मा बदलला, खुर्चीचा कल बदलला की मी परत कॅलिब्रेशन करते. दोन मिनिटांचं काम आहे.

एवढं करूनही नजरेला माऊसची अचूकता येत नाही, आणि त्यात यंत्राचा दोष नाही. आपला डोळा एका जागी रोखलेला असतानाही बारीक बारीक हलत असतो. चांगल्या परिस्थितीतसुद्धा अर्ध्या ते एक अंशाची चूक धरावीच लागते. ६० सेंटीमीटरवरून एक अंश म्हणजे पडद्यावर साधारण एक सेंटीमीटर. कोपऱ्यांत चूक आणखी वाढते. म्हणून दोन सेंटीमीटरहून लहान बटण नजरेच्या कामाचं नाही, तीनचं असेल तर उत्तम. माझ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली तांदळाएवढी चिन्हं म्हणूनच आजही मी नजरेनं दाबत नाही. खेळ निवडताना मी हाच मापदंड लावते.

त्या मापदंडात बुद्धिबळ बसत होतं. २४ इंची मॉनिटरवर पट उंचीभर मोठा केला की एकेक घर तीन सेंटीमीटरच्या वर जातं. त्याच पटाचं घर १५ इंची लॅपटॉपवर दोनच सेंटीमीटर होतं, म्हणून लॅपटॉप बाजूला ठेवला. लिचेस या फुकट संकेतस्थळावर सोंगटी ओढण्याऐवजी दोन घरांवर क्लिक करून चाल करायची सोय आहे: आधी सोंगटीचं घर, मग जायचं घर. क्लिक करायला त्या जागी ठरावीक वेळ नजर रोखून धरायची, याला ड्वेल म्हणतात. मी तो एक सेकंद ठेवला आणि भाच्याबरोबर डाव मांडला.

डाव सुरू झाला आणि माझ्या सोंगट्या मला न विचारता चालायला लागल्या. विचार करताना आपण काय करतो? घोड्याकडे बघतो. तो कुठल्या घरात जाईल तिकडे बघतो. तिथे गेल्यावर समोरच्याचा उंट काय करेल म्हणून उंटाकडे बघतो. मी घोड्याकडे बघितलं, मग त्याच्या एका घराकडे जरा रेंगाळून बघितलं, आणि घोडा तिथे जाऊन बसला. भाच्यानं तो प्याद्यानं खाल्ला. मी वजिराचा विचार करत होते तर वजीर निघाला. भाचा खूश, आणि मी रडकुंडीला आलेली.

या अडचणीवर अभ्यासकांनी फार पूर्वी बोट ठेवलं आहे. रॉबर्ट जेकब या अमेरिकन संशोधकानं १९९० मध्येच तिच्यावर लिहिलं होतं, आणि हात लावेल ते सोन्याचं करणाऱ्या मायडास राजाचं नाव तिला दिलं गेलं. डोळे बघण्यासाठी आहेत. त्यांनाच हाताचं काम दिलं तर बघणं आणि करणं एकच होऊन बसतं. नजरेनं खेळायला शिकणं म्हणजे या दोघांना वेगळं करायला शिकणं, असं मी आता ठामपणे म्हणते. बाकी सगळं सवयीनं येतं.

त्यासाठी मी तीन गोष्टी केल्या. पहिली, पडद्यावर नजरेला टेकायला जागा ठरवली. पटाच्या उजवीकडे रिकामी पट्टी असते, तिथे बघितलं तर काहीच होत नाही. विचार करायचा तो तिथे बघत, पट मनात ठेवून. यानं माझं बुद्धिबळच सुधारलं, कारण आता मी पट न बघता दोन चाली पुढचं डोक्यात मांडू शकते. दुसरी, ऑप्टिकीत नजरेचं नियंत्रण तात्पुरतं झोपवणारं बटण आहे, ते वापरायला लागले. डाव मध्येच थांबवून पाणी प्यायचं असेल, कोणाशी बोलायचं असेल तर आधी ते. तिसरी, लिचेसच्या सेटिंग्जमध्ये चाल पक्की करायला वेगळं बटण दाबावं लागेल अशी सोय सुरू केली. त्यामुळे नजर चुकून कुठे थांबली तरी घोडा जात नाही. भाच्याला सुरुवातीला माझं ते रिकाम्या जागेकडे बघत बसणं कळायचं नाही. "आत्या, झोपलीस का? चाल ना!" म्हणून ओरडायचा. आता तो शेजारी बसून माझी नजर कुठे आहे ते ओळखायचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी त्याला पटाऐवजी माझ्या चेहऱ्याकडे बघावं लागतं.

सवय होईपर्यंत आणखीही सोपे खेळ खेळले. स्पेशलइफेक्ट ही इंग्लंडमधली धर्मादाय संस्था २००७ पासून अपंग माणसांना व्हिडिओ गेम खेळता यावेत म्हणूनच काम करते. तिनं ब्राउझरमध्ये चालणारे, फक्त नजरेनं खेळायचे खेळ फुकट दिले आहेत. मायक्रोसॉफ्टनंही २०१९ मध्ये असे काही छोटे खेळ काढले होते, त्यांत सरकत्या ठोकळ्यांचं कोडं होतं, भूलभुलैया होता. हे खेळ लहान मुलांचे वाटतात म्हणून ते टाळू नयेत. त्यांत वेळेचं बंधन नसतं, बटणं मोठी असतात, आणि नजर कुठे टेकवायची, कधी उचलायची हे त्यांत बिनधोक शिकता येतं.

बघणं आणि करणं खऱ्या अर्थानं वेगळं झालं ते मात्र स्विचमुळे. माझं ते मधलं बोट. नेम डोळ्यांनी धरायचा आणि क्लिक बोटानं करायचं, अशी ही कल्पना. बाजारात यासाठी खास स्विच मिळतात, ३.५ मिलीमीटरच्या जॅकचे, हेडफोनसारखे. मायक्रोसॉफ्टचा २०१८ मध्ये आलेला एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर अशा स्विचांसाठीच बनवला आहे, त्याच्या पाठीवर जॅकची रांगच आहे. पण मला एकच क्लिक हवं होतं. दादा एक जुना माऊस घेऊन रावपुऱ्यातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेला आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखवत राहिला. काकांनी माऊस उघडला. डाव्या बटणाखाली एक चौकोनी डबी असते, नखाएवढी, तिला मायक्रोस्विच म्हणतात. तिच्या दोन पायांना त्यांनी दोन वायरी झाळल्या, माऊसच्या कुशीला भोक पाडून त्या बाहेर काढल्या आणि टोकाला जॅक बसवला. "बेन, आ तो पांच मिनिटनुं काम छे," ते मला सांगत होते, आणि खरंच त्यांना फार वेळ लागला नाही. दाबायचं बटण निवडताना मात्र त्यांनी डोकं लावलं. साधं बटण माझ्या बोटाला जड जाईल हे ऐकून त्यांनी लांब धातूची पाती असलेला दुसरा मायक्रोस्विच काढला. पाती जितकी लांब तितका जोर कमी लागतो. तो आम्ही खुर्चीच्या हातावर, बोट आपसूक टेकतं तिथे वेल्क्रोनं चिकटवला. पहिल्यांदा दाबला तेव्हा "टिक" असा आवाज आला आणि पडद्यावरचा हत्ती उचलला गेला. बघत बसायला मी मोकळी होते.

नंतर माइनक्राफ्ट. स्पेशलइफेक्टनं त्यासाठी आयमाइन नावाचं सॉफ्टवेअर ऑप्टिकीच्याच पायावर बनवलं आहे आणि तेही फुकट आहे. गेम मात्र विकत घ्यावा लागतो, आणि कॉम्प्युटरवरची जावा आवृत्तीच लागते. भाचा तेव्हा टॅबवर खेळायला लागला होता. टॅबवरची आवृत्ती जावाशी जुळत नाही, म्हणून दोघांना एका जगात यायचं तर त्याला दादाच्या लॅपटॉपवर जावा आवृत्तीच घ्यावी लागली. मग घरच्याच वायफायवर मी माझं जग त्याच्यासाठी उघडं केलं आणि तो आत आला.

आयमाइनमध्ये पडद्याच्या कडेला मोठाली बटणं येतात: चालणं, उडी, खणणं, ठेवणं. चालण्याचं बटण एकदा नजरेनं लावलं की जिकडे बघू तिकडे आपलं पात्र चालत राहतं. आम्ही क्रिएटिव्ह मोडपासून सुरुवात केली. त्यात मरण नाही, सगळं सामान हाताशी, आणि उडताही येतं. मी आधी नुसती हिंडले. एका टेकडीच्या मागे काय आहे ते मला बघायचं होतं, आणि मी गेले. कोणाला खुर्ची ढकलायला सांगितली नाही, पायऱ्या आहेत का म्हणून विचारलं नाही. टेकडीमागे मेंढ्या होत्या. भाचा म्हणाला, "हे तर सगळीकडे असतं, आत्या." मला ते पुरेसं होतं.

मग मी सुचवलं की आपण मांडवी बांधू. मांडवी ही कमानींची जुनी इमारत, जुन्या बडोद्याच्या मध्यावर ती उभी आहे, चारी बाजूंना रस्ते आणि त्यांच्या टोकांना चार दरवाजे: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. आमच्या घरापासून ती लांब नाही, पण त्या गर्दीत माझी खुर्ची नेणं म्हणजे चार माणसांचा दिवस. भाच्यानं जाऊन चारी बाजूंचे फोटो काढून आणले. खालच्या कमानी बांधायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. माइनक्राफ्टमध्ये सगळे ठोकळे चौकोनी. कमानीचा बाक आणायचा तर पायरीचा ठोकळा उलटा लावावा लागतो, आणि तो उलटा लागतो शेजारच्या ठोकळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर नेम धरला की. लांबून तो अर्धा भाग माझ्या नजरेच्या चुकीत हरवून जायचा, पायरी सुलटीच लागायची. मग मी उडत ठोकळ्याच्या अगदी जवळ गेले. जवळ गेलं की एकच ठोकळा पडद्याचा केवढा तरी भाग व्यापतो आणि त्याचा वरचा अर्धा भाग तळहाताएवढा होतो. नजर वर टेकवायची, बोटानं टिक. पायरी उलटी लागली. लहान जागेवर नेम धरायचा तर डोळे ताणायचे नाहीत, खेळात पुढे सरकायचं, हे मला कोणत्याही सूचनापत्रात वाचायला मिळालं नव्हतं.

आमच्या वाड्यात लहानपणी दिवाळीला किल्ला व्हायचा. माती कालवायचा दादा, गेरू लावायचा दादा, मावळे मांडायचाही दादा. मी ओट्यावर खुर्चीत बसून सांगायची, "बुरूज डावीकडे घे, तिथे नको." तो घ्यायचाही बिचारा. पण माती त्याच्या हाताला लागायची. मांडवीच्या पहिल्या कमानीचा शेवटचा ठोकळा मी लावला तेव्हा दादा मागे उभा होता. त्यालाही तेच आठवलं असावं, कारण तो म्हणाला, "आता मला सांग, मी काय करू?" मी त्याला पाणीगेटच्या रस्त्यावर फरशी घालायला लावली.

येणारे-जाणारे विचारतात, याचा फायदा काय? डोळ्यांचा व्यायाम होतो का, एकाग्रता वाढते का? होत असेल, मी त्यासाठी खेळत नाही. माझ्या आयुष्यात जे काही घेतलं जातं त्याला उपचाराचं नाव द्यावं लागतं, तेव्हाच ते रास्त ठरतं. भाच्याला कोणी विचारत नाही की माइनक्राफ्टनं तुझं काय सुधारलं. त्याला मजा येते म्हणून तो खेळतो. मलाही मजा येते, आणि तेवढं कारण मला पुरायला हवं.

थकवा येतो, तो मात्र गांभीर्यानं घ्यावा. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि इथे तर सगळा भार डोळ्यांवरच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघायला सांगितलं आहे. दारातून समोरच्या घराची गॅलरी दिसते, मी तिच्याकडे बघते. डोळे जड झाले की ठिपका आपोआप भरकटायला लागतो आणि तेव्हा पुन्हा कॅलिब्रेशन करण्यात अर्थ नसतो, उठवून घ्यायचं. सेकंदाच्या हिशेबानं बटणं दाबायला लावणारे खेळ, ती लहानपणची गाड्यांची शर्यत, मला अजून जमत नाही. वळणावर बघितलं की गाडी वळणाच्या आधीच वळते.

सध्या आम्ही सर्व्हायव्हल मोड, म्हणजे जीव सांभाळत खेळायचा प्रकार, सुरू केला आहे, ईझी या सोप्या पातळीवर. तिथे रात्री झोंबी येतात. समोरून आलेल्याला मी स्विचनं टिपते, पण मागून आलेल्याकडे वळायला मला वेळ लागतो, म्हणून अंधार पडायच्या आत चार भिंतींचं घर बांधून आत बसते आणि भाचा बाहेर लढतो. एकाच स्विचवर तलवार आणि ढाल दोन्ही होत नाहीत. दादा दुसरा मायक्रोस्विच घेऊन आला आहे. तो गालाशी बसवायचा की हनुवटीखाली, हे थेरपिस्ट बेन शनिवारी येऊन ठरवणार आहेत.